चाकाखालचं लिंबू

पूजा आटोपून दिगंबरने चाकाखाली लिंबू ठेवलं. डाव्या पायाने अधू असलेल्या बहिणीला दसऱ्याला त्याने ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली होती. क्लच नाही, उजवा पाय पुरे.

आपल्या गॅरेजात तो गिऱ्हाइकांना बजावायचा, "जुन्या गिअरबॉक्समधलं तेल एकदम धुऊन काढू नका. आतल्या झिजलेल्या प्लेटा त्या तेलातल्या गाळावरच पकड धरतात." पण बहिणीच्या गाडीत काळं तेल ठेवायला त्याचं मन होईना. काल मशीन लावून त्याने सगळं धुऊन काढलं, नवं तेल भरलं. फेरी मारली तेव्हा गाडी चाललीही होती.

बहिणीने गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. लिंबू तसंच राहिलं.



"दादा," तिने ओशाळून विचारलं, "माझा पाय कमी पडतोय का रे?"