मनीला हाक

“मनी म्हणू तिला,” बायनाबाई म्हणाली.

बन्सीधरनं हातातली कपबशी खाली ठेवली. सून शिवकन्या भाकरी थापता थापता थांबली. तिनं चिंगी सुचवलं होतं, तिचा नवरा गोपाळ बिजली म्हणत होता. राखी रंगाचं मुठीएवढं पिल्लू बायनाबाईच्या पायाला अंग घासत होतं.

“दुसरं नाव मिळंना का तुला?” बन्सीधर बायकोला म्हणाला.

“मांजराला मनीच म्हंतेत. साऱ्या चुडावा गावात म्हंतेत. तुमाला काय हरकत हाय?”

हरकत काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ती सांगायची तर तेच नाव घ्यावं लागलं असतं. बन्सीधर उठला आणि शेताकडं निघून गेला.

मनिषा ही त्यांची मुलगी, गोपाळच्या पाठची. घरात तिला मनी म्हणायचे. परभणीला नर्सिंग शिकता शिकता तिनं पेडगावच्या नागेशशी लग्न केलं. नागेश बौद्ध घरातला. लग्न विहारात झालं. बातमी आली त्या दिवशी बन्सीधरनं मेलेल्या माणसाची करतात तशी डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या अंगानंच बजावलं, हे नाव पुन्हा या घरात निघायचं नाही. चार वर्षं निघालं नव्हतं. तेवढी वर्षं बायनाबाईनं मुलीची विचारपूस मनातल्या मनात केली.

आता ती मोठ्यानं करू लागली. “मनी, जेवलीस का गं?” “मनी, ऊन लय हाय, सावलीला बस.” “लय वाळलीस गं मनी.” मांजर तिच्याकडं बघून डोळे मिटायचं. चुलीपुढं, अंगणात, न्हाणीपाशी दिवसातून वीस वेळा ते नाव निघायचं आणि बन्सीधरला ऐकून घ्यावं लागायचं. तो स्वतः मांजराला नुसतं शुक शुक करायचा. पण ते मांजरच असं मायाळू, की कितीही हाडहूड केलं तरी दुपारी त्याच्याच बाजेवर चढायचं आणि त्याच्या पोटाशी अंग चोरून निजायचं. पोळ्यापर्यंत त्याचं हाडहूड थांबलं. दिवाळीत एकदा तो म्हणाला, “मनी, सरक तिकडं.” सासू-सुनांनी एकमेकींकडं बघितलं.

संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी तो रुळांच्या कडेकडेनं हाका मारत चालला होता. स्टेशनाजवळ चहा विकणाऱ्या केशरबाईनं त्याला बघितलं. “मनी, ये गं घरी,” तो म्हणत होता. “रागवत न्हाई मी. ये आता.” केशरबाईचे हात तसेच राहिले. चुलीवरचा चहा उतू गेला. मनिषाचा नंबर तिच्याकडं होता, चार वर्षांत तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तिनं फोन लावला. “पोरी, तुझा बाप तुला हाका मारायलाय. म्या माझ्या कानानं ऐकलं. उद्याच्या उद्या ये.”

मनिषा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, हातात तिळगुळाचा डबा. ओट्यावर बन्सीधरपाशी त्याचा थोरला भाऊ महारुद्र आणि तिघे भाऊबंद बसले होते. सामाईक विहिरीच्या मोटारीचं बोलणं चाललं होतं. ती फाटकात उभी राहिली तसं बोलणं थांबलं.

“बाबा, तुमी बोलवलं म्हून आले,” ती म्हणाली.

बन्सीधर अर्धा उठला. महारुद्रनं त्याच्याकडं मान वळवली.

“तू बोलवलंस हिला?”

बन्सीधर पुन्हा खाली बसला. जमिनीकडं बघत म्हणाला, “न्हाई. म्या मांजराला हाक मारली होती.”

भाऊबंदांतला एक जण हसला. मनिषाला काही उमगेना. तेव्हा त्यानंच बाजेखालच्या मांजराकडं बोट करून सांगितलं, “तिचं नाव मनी ठेवलंय यांनी.”

मनिषानं मांजराकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडं. बायनाबाईच्या ओठांवर काहीतरी आलं. महारुद्र आणि भाऊबंद तिच्याकडंच बघत होते. तिनं पदर तोंडाला लावला. मनिषानं डबा फाटकाजवळच्या दगडावर ठेवला, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आली त्या वाटेनं चालू लागली. बायनाबाई फाटकापर्यंत धावली. त्याच्यापुढं तिचे पाय उचलले नाहीत.

भाऊबंद उठून गेले. मोटारीचं बोलणं राहूनच गेलं. थोड्या वेळानं स्टेशनात गाडी लागल्याचा आवाज आला आणि मग गाडी सुटल्याचा. बन्सीधर ओट्यावर तसाच बसून होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “काल सांच्याला मांजर दिसंना, म्हून हुडकायला गेलतो म्या.”

बायनाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

“मांजर काल घरातच होतं,” ती म्हणाली. “ते भाईर पडू नये म्हून तुमीच कडी लावून गेलता.”