कवळीतलं नाव

रांजणगावची शिफ्ट संपवून एबनेझर आईला शिरूरच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन आला. सगुणाबाईंना आता स्वतःचं नावही आठवत नसे. वर्षभरात त्या दोनदा हरवल्या. एकदा दौंड स्टेशनवर सापडल्या, एकदा थेट सोलापुरात. दोन्ही वेळा पिशवीतल्या बायबलवर पत्ता लिहिलेला होता, म्हणून लोकांनी त्यांना घरी आणून सोडलं.

“एवढ्या लांब गेल्या कशा?” डॉक्टर निलोफर यांनी विचारलं.

“ह्यानंच बसवलं की गाडीत,” सगुणाबाई कौतुकानं म्हणाल्या. “खिडकीची जागा दिली धरून.”

“तिला कायबी आठवतं, मॅडम,” एबनेझर हसला.

डॉक्टरही हसल्या. “कवळी आपण ॲक्रिलिकची करू. पडली तर तुटते, पण बनवतानाच आत नाव आणि फोन नंबर घालता येतो. पिशवी कुठंही विसरते, तोंडातली कवळी सहसा विसरत नाही.”

“आन् दुसरी कुठली असती?”

“नायलॉनची. ती वाकते, सहजी तुटत नाही. पण तिच्यात नाव नीट बसत नाही.”

एबनेझरनं आईच्या हनुवटीवर आलेली लाळ आपल्या रुमालानं हळूच पुसली.



“मंग नायलॉनचीच करा, मॅडम. कुठंबी असली तरी तिला घास चावता आला, म्हंजी झालं.”