डोळा तपासण्यापुरता चंद्र

कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि काजल उतरली, तेव्हा तिचे बाबा गच्चीवर उभे होते. मफलर, स्वेटर, हाताची घडी. सकाळचे सहाही वाजले नव्हते. तिने मान वर केली, तसं रुपरावांनी तोंड आभाळाकडे फिरवलं.

"एवढ्या थंडीत बाबा वर काय करून राहिले?" तिने घरात शिरता शिरता आईला विचारलं.

"चंद्र पाहून राहिले," सुभद्राबाई म्हणाल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नं. नवा डोळा चंद्रावर तपासतो म्हणतात."

आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती. पश्चिमेला, पाण्याच्या टाकीशेजारी, मोठा पिवळा चंद्र मावळायच्या बेतात होता. काजलला ते पटलं. थेट बाबांना विचारायची सोय नव्हती, कारण रुपराव चार महिने तिच्याशी बोललेच नव्हते.

भांडण तसं लहानच होतं. मिहानमधल्या एका कंपनीत काजलला नोकरी लागली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, म्हणून काम रात्रीचं. रुपरावांचं अर्धं आयुष्य कळमेश्वरच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेलं होतं. "रात्रपाळी काय असते ते मले माहीत आहे. तू नको जाऊ," एवढंच ते म्हणाले. काजल गेली. तेव्हापासून तिच्यासाठीचा प्रत्येक निरोप सुभद्राबाईंमार्फत यायचा, मग ती समोर बसून जेवत का असेना.

गाडी रोज त्याच वेळेला यायची. चंद्र मात्र रोज नव्या जागी सापडायचा. रात्री उगवायलाच त्याला दिवसेंदिवस उशीर होत होता, त्यामुळे सकाळी तो अजून वरच रेंगाळत असायचा. आधी टाकीच्या जरा वर, मग त्याहून वर, आणि दर सकाळी थोडा झिजलेला. आठवड्याभरात तो पार डोक्यावर आला आणि अर्धाच उरला.

"आता बारीक होत जाईल," सुभद्राबाई चहा गाळता गाळता सांगत. "तुये बाबा म्हणतात, जेवढा बारीक तेवढी डोळ्याची परीक्षा."

काजलला आधी हसू आलं आणि मग राग. चंद्र किती उरला याची रोज विचारपूस होत होती. पोरगी रात्रभर जागून आली, ती जेवली का, हे कोणी विचारत नव्हतं.

तिच्याच शिफ्टमधली रितिका बेसाला खोली घेऊन राहायची. तिच्याकडे एक पलंग रिकामा होता. "ये नं राहायले," ती म्हणाली. "घरी कोणी बोलतच नाही, त थांबून काय करतं तिथं?"

काजलने दोन-चार दिवस विचार केला आणि हो म्हणून टाकलं.

तोवर चंद्र पूर्वेला सरकला होता. घराच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाच्या फांद्यांत, त्याची नखाएवढी कोर लटकलेली असायची आणि थोड्याच वेळात सूर्य येऊन ती पुसून टाकायचा. रुपराव मात्र पुढच्याच कठड्याशी, गल्लीकडे तोंड करून उभे असायचे. झोपेने पेंगुळलेली काजल खाली मान घालून घरात शिरायची. तिने कधी नीट पाहिलंच नाही.

ज्या सकाळी ती खोलीचं सांगणार होती, त्याच सकाळी गाडीचा टायर चिंचभवनजवळ बसला. ड्रायव्हरकडचा दुसरा टायरही निकामी निघाला. घरी पोहोचेपर्यंत ऊन अंगणात उतरलं होतं. बाबा अजून गच्चीवरच होते. एकदाचं सांगून मोकळं व्हावं म्हणून ती चपला न काढता सरळ जिना चढली.

रुपराव कठड्यावर ओणवे झाले होते. सुभद्राबाई दोरीवर कपडे टाकत होत्या.

"बाबा," काजल म्हणाली. गाडीत तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते ओठांवर येईना. म्हणून तिने भलतंच विचारलं, "दिसला का आज चंद्र?"

रुपरावांनी बायकोकडे पाहून उत्तर दिलं. "दिसला म्हणा तिले. एकदम साफ दिसला."

सुभद्राबाईंनी हातातली ओली चादर झटकली. "आज अवस आहे जी. तुमाले कुठचा चंद्र दिसला?"

काजलने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं आणि त्यात काहीही नव्हतं. ती कठड्याशी, बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिथून गल्ली दिसत होती, गल्लीचं तोंड दिसत होतं, आणि त्याच्या पुढे मोठा रस्ता थेट चौकापर्यंत दिसत होता. कंपनीची गाडी त्याच चौकातून वळायची.

सुभद्राबाई पदर तोंडाला लावून चादर पसरत होत्या. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

"टायर बसला होता," काजल हळूच म्हणाली. "चिंचभवनपाशी." खोलीचं ती बोलली नाही. दुपारी उठल्यावर तिने रितिकाला येत नाही म्हणून कळवलं, पण ते नंतरचं.

रुपराव वळले. आज चार महिन्यांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"मंग एक फोन करता येत नव्हता का वं?"