नऊ की साडेसात

‘नऊ आठवडे,’ डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघत म्हणाल्या.

‘साडेसात,’ उमादेवी टेबलावर पडल्या पडल्याच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान वळवली. उमादेवीनं पिशवीतून आलेखाची वही काढून पुढं धरली. ‘माझी पाळी अनियमित आहे, म्हणून दोन वर्षं रोज जाग आल्याबरोबर तापमान लिहिते. हे बघा, पंधरा मार्चला चढलं ते उतरलंच नाही. म्हणजे चौदाला दिवस राहिले.’

‘वही छान आहे,’ बाई हसल्या. ‘पण गर्भ तेवीस मिलिमीटरचा आहे. या वयात तीन-चार दिवस इकडंतिकडं होतात, दहा होत नाहीत. तीन-चार मार्च धरा.’

पायाशी स्टुलावर सासू गंगम्मा बसल्या होत्या. बोटांच्या पेरांवर चाललेला त्यांचा अंगठा मध्येच थांबला.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, ते पाणीही झाडासाठी बादलीत धरलं, आणि मगच तोंड उघडलं.

‘माझा रेवणसिद्ध तेराला आला. त्याच्या आदी महिनाभर न्हाई, शिवरात्रीलाबी न्हाई. मग चारला कोण आलतं?’

‘आत्या, वहीत बघा.’

‘वही तू लिहिलीस. मशीन काय कुणाच्या माहेरचं न्हाई.’

लग्नाला सहा वर्षं झाली होती, हे पहिलंच मूल. उमादेवी लातुरात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. रेवणसिद्ध धर्माबादला मिरचीच्या आडतीवर मुनीम. गंगम्मा गावाकडं राहायच्या. दिवस गेल्याचं कळलं तशा आल्या होत्या.

उमादेवीनं गच्चीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला.

‘अहो, चारला रात्री तुम्ही आला होतात. सांगून टाकू का?’

‘वेडी आहेस का?’ रेवणसिद्ध दबक्या आवाजात म्हणाला. ‘न विचारता आलो होतो, मालकाला कळलं तर नोकरी जाईल. माझ्या अव्वाच्या पोटात काही राहत नाही. आणि तुझी वही चौदा म्हणते ना? मग चारचं नावच कशाला? वहीला धरून राहा.’

तिला ते पटलं. त्या रात्री तो साडेनऊला आला होता, पहाटे अंधारातच गेला होता. मिरचीच्या ट्रकबरोबर आलो म्हणाला होता. आणि तिचा वहीवर विश्वास होता.

गंगम्मांनी मात्र दोन दिवसांत गल्लीभर सांगितलं आणि निकालही दिला. ‘रविवारी माहेरी जा. पुढचं नंतर बघू.’

‘नाही जाणार,’ उमादेवी म्हणाली. ‘औशाहून अण्णाराव मामांना बोलवा. ते म्हणतील ते ऐकीन.’

अण्णाराव म्हणजे गंगम्मांचे थोरले भाऊ. गंगम्मा गडबडल्या. ‘दादाला कशाला? वय झालंय त्याचं. घरातलं घरात मिटव.’

‘कुलटा म्हणायला गल्ली चालते, मग मामा का नको? तुमच्या घरात तोंडावर खरं बोलणारा तेवढा एकच माणूस आहे.’

रात्री रेवणसिद्धचाही फोन आला. मामांना नको, म्हणाला. तिनं तोवर मामांना निरोप दिला होता.

शनिवारी वॉर्डाच्या पाण्याच्या टँकरची वेळ पुन्हा बदलली. पहाटे तीनला उठून ती घागरी घेऊन रांगेत बसली, आणि सवयीनं तिथंच थर्मामीटर तोंडात धरलं. पारा अर्धा अंश खाली. पोटात बाळ असताना उतरायला नको होता.

घरी येऊन तिनं वही उघडली. ताप, सर्दी, जागरण, सगळं तिनं कडेला टिपलं होतं. टँकर टिपला नव्हता. टँकर काही आजार नव्हता. तीन मार्चपासून चौदापर्यंत ती रोज पहाटे उघड्यावर, गार वाऱ्यात बसली होती. पंधराला टँकर दुपारी यायला लागला आणि ती पुन्हा अंथरुणात तापमान घेऊ लागली. वहीतली चढण अंगाची नव्हती, अंथरुणाची होती.

मशीन बरोबर होतं. मूल चार तारखेचं होतं.

रविवारी अण्णाराव आले. कपाळाला भस्म, हातात काठी. दिलेल्या तांब्यातलं निम्मं पाणी पिऊन निम्मं परत केलं. रेवणसिद्ध पहाटेच्या गाडीनं आला होता. तो दाराशी उभा राहिला.

‘बोल माय,’ अण्णाराव म्हणाले. ‘लई घाईनं बोलावलंस.’

‘मामा, माझी वही चुकली. मशीन खरं आहे.’ तिनं टँकरचं सगळं सांगितलं.

‘आता कबूल झाली!’ गंगम्मा म्हणाल्या.

‘उमा,’ रेवणसिद्ध पटकन पुढं झाला, ‘वही बरोबर आहे. मी म्हणतो ना, बरोबर आहे.’

‘नाही. चुकीच्या आकड्यावर मी माझं बाळ उभं करणार नाही.’ ती अण्णारावांकडं वळली. ‘चार मार्चला रात्री हे इथं होते, मामा. नोकरीच्या भीतीनं लपवलं. आता गेली तर जाऊ दे नोकरी, माझ्या पगारात भागवीन. विचारा यांना.’

‘खोटं हाय,’ गंगम्मा म्हणाल्या. ‘चारला तो धर्माबादला व्हता.’

रेवणसिद्धनं आईकडं बघितलं, मग फरशीकडं. ‘हाव मामा. धर्माबादलाच होतो.’

उमादेवी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘माझ्याकडं बघून म्हणा.’

त्यानं मान वर केली नाही.

अण्णारावांनी काठी आपटली. ‘आरं, पोटुशी बाई हाय ती. का खोटं बोलून राहिलास? चारला दिवसभर माझ्या घरी न्हवतास व्हय? सांजच्याला लातूरच्या गाडीत मीच बसवलं की तुला.’

उमादेवीनं डोळे मिटले. किती दिवसांनी तिला पुरता श्वास आला.

म्हाताऱ्यानं मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘पोरगी बघायला आलता, माय. तुझी संमती हाय म्हणला.’