एकेक पट्टी

"एक पट्टी दाबा आणि धरून ठेवा," काचेपलीकडून ग्रॅहम म्हणाला. "बाकी काही वाजवू नका."

होझियानं ऑर्गनची पट्टी दाबली. ग्रॅहमनं सांगितल्यावर सोडली आणि शेजारची दाबली. सकाळपासून हेच चाललं होतं. यंत्रं तपासताहेत, तपासू देत बापडे, असं त्याला वाटत होतं. बँडची मंडळी हॉटेलात लोळत असतील, दुपारी उगवतील, मग खरं वाजवणं सुरू होईल.

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या या स्टुडिओत, याच ऑर्गनवर त्यानं उभी हयात काढली होती. समुद्रापलीकडचे नामांकित बँड यायचे, आपल्या गाण्यात होझियाचा ऑर्गन भरून न्यायचे. त्यांतल्याच एका इंग्रज बँडचा आता शेवटचा दौरा निघणार होता. ग्रॅहम त्यांचाच ध्वनिमुद्रक. निरोप आणला होता ओथानं. ओथा म्हणजे इथला ड्रमवाला, होझियाच्या सख्ख्या भावाहून सख्खा. "तुलाच बोलावलंय, होझी," तो म्हणाला होता. त्या भरवशावर होझियानं चर्चमधली ऑर्गन वाजवायची आपली जागा एका नव्या मुलीला देऊन टाकली. रविवारी पास्टरनं त्याला सगळ्यांपुढे उभं करून डोक्यावर हात ठेवला. बायकांनी वाटेसाठी केक बांधून दिले. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं!

ओथा तळलेल्या माशाची सँडविचं घेऊन आला आणि भिंतीजवळच्या खुर्चीत टेकला. होझियानं कोपऱ्यात पाहिलं.

"तुझे ड्रम अजून झाकलेलेच?"

"आज माझं काम नाही."

"मग माझं काय काम चाललंय, लेका?"

ओथानं एक सँडविच त्याच्या हातात ठेवलं. ग्रॅहम बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे.

"ओथांनी सांगितलं नाही का? तुमचा एकेक सूर आम्ही यंत्रात भरून घेतोय, सर. स्टेजवर आमच्या गायकाचा पुतण्या वाजवेल, पण आवाज हुबेहूब तुमचा. असा आवाज जगात दुसऱ्या कुणाकडे नाही."

"आणि मी?"

"तुम्ही आता घरी आराम करायचा."

होझियानं हातातलं सँडविच कागदात परत गुंडाळलं. नीट, कडा दुमडून.

"तू जातोयस?" त्यानं ओथाला विचारलं.

"ड्रमला माणूस लागतोच."

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

"म्हणजे रविवारी पास्टरनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तू शेजारी उभा राहून आमेन म्हणालास, ते सगळं माहीत असून?"

ओथानं कपाळ पुसलं. "खरं सांगितलं असतं तर तू आला असतास का? होझियाला घेऊन ये, तर तुझी जागा पक्की, असं बोलले ते. माझंही वय झालंय. पुन्हा कोण विचारणार मला?"

"केसानं गळा कापलास, ओथा."

"असं बोलू नकोस. रोज माझ्या डाव्या अंगाला तुझाच ऑर्गन असेल, नेहमीसारखा. लोकांना फरकसुद्धा कळायचा नाही."

"लोकांचं राहू दे. गाणं कुठे वळवायचं, कुठे थांबायचं, ते तू आजवर माझ्या तोंडाकडे बघून ठरवलंस. आता कुणाच्या तोंडाकडे बघशील?"



"सर," ग्रॅहम चाचरत म्हणाला, "एकच राहिलीय. अगदी डावीकडची."

होझियाला उठून जाता आलं असतं. कोट पाठीमागेच टांगलेला होता. पण जायचं कुठे? चर्चमध्ये त्याच्या बाकावर ती मुलगी बसली होती. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारणार होता, काय होझिया, कधी निघताय?

त्यानं शेवटची पट्टी दाबली. पियानोचा सूर आपोआप विरत जातो. ऑर्गनचं तसं नसतं, बोट उचलेपर्यंत तो बोलतच राहतो. खोल, जाड आवाज खोलीभर पसरला.

"मिळाला, सर," ग्रॅहम म्हणाला. "छान मिळाला. पुरे आता."

होझियानं बोट उचललं नाही. मधली काच थरथरायला लागली. ग्रॅहमनं कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

"सोड ना आता, होझी," ओथा खालमानेनं म्हणाला.

होझिया त्याच्याकडेच बघत होता. बोट तिथेच होतं.