पाटावरून जीपमध्ये

उन्मेषने डोंगरवाटांसाठी जीप चार बोटं उंच करून घेतली आणि माझा पाय वर पोचेना.

"जेवणाच्या पाटावरून चढणार? बाबा, लोक हसतील. तुम्ही घरीच थांबा."

मी पाटासकट चढून बसलो.

नदीच्या वाळूत जाडजूड टायर जागच्या जागी फिरू लागले. "फोर-व्हील आहे, गिअर आपोआप बदलतात, निघेल!" उन्मेष म्हणाला. जीप आणखी रुतली. मी घसरत उतरलो आणि चाकाखाली पाट सरकवला. जीप बाहेर आली. पाटाचे दोन तुकडे झाले.

"आता तुम्ही चढणार कसे?" उन्मेषने ओशाळून विचारलं.

चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, एकाही पोराला शिक्षा केली नाही. त्या दिवशी मात्र मुलाला म्हणालो, "वाकून अंगठे धर. पाठ हलवू नकोस."