निम्मी शेती

लग्नाआधी मर्लने होणाऱ्या सुनेकडून, टॅम्सिनकडून, करारावर सही घेतली होती: सिडनीच्या दक्षिणेला आमच्या खाडीतली कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती फक्त मुलाची, लॉकीची. पुढे पुरात कालवांचे पिंजरे वाहून गेले आणि लॉकीने हातपाय गाळले. टॅम्सिनने कंबरभर चिखलात उभं राहून चार वर्षांत शेती पुन्हा उभी केली. मग एके सकाळी मर्लच दोघांना वकिलाकडे घेऊन गेली. नव्या करारात टॅम्सिनला निम्मा हिस्सा होता. "कुणाचा दबाव नाही ना?" वकिलाने लॉकीला विचारलं. "आहे की, आईचा!" सगळे हसले. टॅम्सिन मात्र ओळन्ओळ वाचत होती. "'पतीने प्रेमापोटी दिलेला' हे खोडा," ती म्हणाली. "'पत्नीने कष्टाने कमावलेला' लिहा." लॉकी चपापला. मर्लने ताठ मानेने पेन सुनेपुढे धरलं. "तूच खोड, पोरी. चाळीस वर्षं मीही तिथेच राबले. मला हे जमलं नाही."